खसखशीबाबत

ज्ञानाची भूक ही माणसाची सर्वांत जुनी भूक आहे आणि जी राजवट ही भूक दाबते ती इतिहासासमोर फार काळ ताठ मानेने उभी राहू शकत नाही. असं चंद्रहास सोहोनीला रविवारी सकाळी, शुवैखमधल्या ऑफिसात, आठवड्याच्या पहिल्या चहाच्या वेळी अगदी आतून वाटलं. त्याला जे जाणून घ्यायचं होतं ते एवढंच होतं, की कुवेतमध्ये खसखस आणलेली चालते का.

आदल्या संध्याकाळी कुडाळहून सासूबाईंचा, नर्मदाबाईंचा, फोन आला होता. अधिक महिना लागला होता, म्हणजे जावयाचं वाण आलं, म्हणजे तेहतीस अनारसे आले, आणि ते घेऊन त्यांच्या वाडीतला शत्रुघ्न सुट्टी संपवून गुरुवारच्या गोव्याच्या विमानाने येत होता. शत्रुघ्न राई भागातल्या एका फर्निचरच्या शोरूममागे सुतारकाम करायचा आणि खैतानला, चंद्रहासच्या इमारतीपासून दोन गल्ल्या सोडून, सात कोकणी माणसांबरोबर एका खोलीत राहायचा. दर गणपतीला तो चंद्रहासकडे येऊन मखर उभं करून द्यायचा आणि कमरेवर हात ठेवून, ‘येवढा शिकलात पण खिळो मारूक येवचो नाय’ अशा नजरेने पाहायचा. चंद्रहासने फोनवर ‘कशाला एवढा त्रास, आई’ असं म्हटलं होतं, जे म्हणायचंच असतं, आणि त्याच वेळी जिभेवर अनारसा आला होता: खालून मऊ, वरून जाळीदार, आणि जाळीत अडकलेली ती बारीक, दाताखाली फुटणारी खसखस. ही चव घेऊन तो झोपला. सकाळी पँट्रीत पाणी उकळायची वाट पाहत असताना त्याला अचानक आठवलं, की इथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला कुणीतरी कुणालातरी सांगत होतं, दुबईला एका माणसाला खसखशीवरून विमानतळावर बसवून ठेवलं. की मस्कतला. की तो हिंग होता. पाणी उकळलं. चंद्रहास चहा न घेताच जागेवर आला, मग परत जाऊन चहा घेऊन आला, आणि त्याने मोबाइलवर शोधलं.

दहा ओळी आल्या. आठ ओळी दुसऱ्याच देशांच्या होत्या, एक ओळ झोप न येण्यावरच्या उपायांची होती, आणि एकच ओळ नेमकी होती: कुवेत, खसखस, आणि पुढे प्रश्नचिन्ह. त्याने त्या ओळीवर बोट दाबलं. पडदा पांढरा झाला आणि मधोमध दोन भाषांत एक सभ्य वाक्य उगवलं. हे पान देशाच्या नियमांनुसार बंद करण्यात आलं आहे. वाक्याच्या वर एक तळहात काढलेला होता, ट्रॅफिक पोलिसाचा असतो तसा, पण बिनचेहऱ्याचा. कुवेतमधल्या एकोणीस वर्षांत हे पान चंद्रहासने पाहिलं नव्हतं असं नाही, पण तेव्हा ते सिनेमे फुकट दाखवणाऱ्या साइटवर यायचं आणि त्यात दोन्ही बाजूंना कुणालाच काही विशेष वाटायचं नाही. खसखशीवर ते येईल असं त्याला वाटलं नव्हतं. तो मागे गेला, तेच शब्द पुन्हा शोधले. आता ओळी नऊच होत्या. झोपेच्या उपायांची ओळ होती. कुवेतची नव्हती.

ती ओळ आपण खरंच पाहिली होती का, हा प्रश्न त्याला पडला आणि तो प्रश्न त्याला आवडला नाही. त्याने पुन्हा मागचं पान आणलं, तळहाताचं. ते होतं. म्हणजे ओळही असणार. म्हणजे बंद दाराचा पुरावा दारानेच दिला होता. मग त्याला तळहाताच्या खाली, सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरांत आणखी एक वाक्य दिसलं. हे पान चुकून बंद झालं आहे असं आपल्याला वाटत असल्यास येथे कळवा. आणि इथे चंद्रहासकडून जे घडलं ते कोल्हापूरच्या, नागपूरच्या किंवा अगदी कुडाळच्या माणसाकडून घडलं नसतं. तो पुण्याचा होता. त्याचे वडील, वामनराव सोहोनी, आयुष्यभर महानगरपालिका, बसखातं, दूध योजना, आकाशवाणी आणि एकदा वेधशाळा यांना पत्रं लिहीत आले होते. राग आला म्हणून नव्हे. रागावणं त्यांना उथळ वाटायचं. चूक दिसली की कळवायची, मुद्दे क्रमवार मांडायचे, खाली पूर्ण नाव आणि पत्ता घालायचा. निनावी तक्रार ही तक्रार नसते, ती चहाडी असते, असं ते म्हणायचे. सहकारनगरातल्या त्यांच्या गल्लीतल्या दिव्याबद्दल त्यांनी लिहिलेल्या पत्राचं उत्तर इतक्या वर्षांनी आलं, की तोवर दिवा पडला होता, खांब पडला होता आणि वडीलही गेले होते. उत्तरात लिहिलं होतं की सदर खांब आमच्या हद्दीत येत नाही. आईने ते पत्र हार घातलेल्या फोटोसमोर वाचून दाखवलं आणि ती म्हणाली, बघा, शेवटी उत्तर दिलंन. तेव्हा, ‘येथे कळवा’ असं कुणी लिहिलेलं दिसलं तर न कळवता पुढे जाणं सोहोनींच्या रक्तात नव्हतं. चंद्रहासने बाह्या सारख्या केल्या आणि कळवलं.

त्याने छान इंग्रजी लिहिली. एक: सदर पान बंद असल्याचं कारण दिलेलं नाही. दोन: बंदीच्या मजकुरात स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला आहे. तीन: गोव्याहून एक खाद्यपदार्थ सध्या माझ्याकडे येण्याच्या मार्गावर असून त्यातील एक घटक, म्हणजे खसखस, येथे निषिद्ध आहे किंवा कसे, हे मला गुरुवारपूर्वी समजणं अत्यावश्यक आहे, सबब एक नागरिक म्हणून माझी विनंती आहे की, वगैरे. खाली पूर्ण नाव, ओळखपत्राचा क्रमांक, मोबाइल. पाठवा. धन्यवाद, आपली सूचना मिळाली आहे. चंद्रहास खुर्चीत मागे टेकला. एक स्वच्छ, कर्तव्य बजावल्याचा, जवळजवळ आंघोळ केल्यासारखा आनंद त्याला झाला आणि तो चहाचा कप तोंडाशी नेईपर्यंत टिकला.

मग तिसरा मुद्दा त्याच्या डोक्यात पुन्हा वाचला गेला. त्याने तो वाचला नाही. तो वाचला गेला, दुसऱ्याच कुणाच्यातरी आवाजात, गणवेशातल्या. येण्याच्या मार्गावर असून. गुरुवारपूर्वी. गोव्याहून. जगात असा माणूस झाला नसेल ज्याने सरकारला आपणहून पत्र लिहून माल कुठला, वाट कुठली, दिवस कुठला आणि घेणारा कोण, हे क्रमवार मुद्द्यांत कळवलं असेल, आणि वर स्वल्पविरामही सुधारून दिला असेल. फक्त आणणाऱ्याचं नाव तेवढं राहिलं होतं. ते शोधायला गुरुवारी गोव्याच्या विमानातून हातात डबा घेऊन उतरणारा माणूस पाहिला की पुरे होतं. आणि ‘नागरिक म्हणून’! तो इथला नागरिक नव्हताच. एकोणीस वर्षं तो इथे दरवेळी नव्याने मिळणाऱ्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, राहत होता आणि पुढचा इकामा दोन महिन्यांवर आला होता. मुलगी, ओवी, बारावीत होती. बायकोने, उल्काने, पडद्यांचं कापड नुकतंच बदललं होतं. घाम आलेला नव्हता, एसी जोरात होता, पण मानेच्या मागे घाम येण्याची जागा थंड पडली.

संध्याकाळी घरी त्याने उल्काला सांगितलं. म्हणजे त्याने आधी जोडे काढले, मग चप्पल घातली, मग चप्पल काढून पुन्हा जोडे घातले, तेव्हा तिनेच विचारलं.

“कुठे चाललायत?”

“कुठे नाही. आई अनारशांना खसखस लावतात ना?”

“मग काय डांबर लावतात?”

त्याने सांगितलं. उल्का भाजी निवडत होती. तिचा हात थांबला नाही, पण चांगली पानंही देठांच्या ढिगात जायला लागली. “थांबा. तुम्ही सरकारकडे तक्रार केलीत. सरकारची. नावानिशी.”

“तक्रार नाही. सूचना.”

“आणि त्यात लिहिलंत की शत्रुघ्न खसखस घेऊन येतोय.”

“शत्रुघ्नचं नाव नाही लिहिलं.”

“उपकार झाले.” तिने देठांचा ढीग उचलला, त्यात पानं पाहिली, पुन्हा खाली ठेवला. “अहो, तो बिचारा मखर करून देतो तुम्हाला. त्याच्या पोरीचं लग्न आहे दिवाळीनंतर. त्याला काही झालं तर आईला मी काय तोंड दाखवू? त्याला आत्ता फोन करून सांगा, डबा आणू नको म्हणून.”

ओवी हेडफोन एका कानावरून सरकवून खोलीतून बाहेर आली. तिला मराठी सगळी कळायची. उत्तर मात्र ती आपल्या भाषेत द्यायची. “बाबा, जस्ट यूज अ व्हीपीएन. एव्हरीवन डज.”

“ते बेकायदेशीर असेल तर?”

“सो गूगल इट,” ती म्हणाली, आणि आपण काय म्हणालो हे लक्षात येऊन हसत परत आत गेली.

फोन करायचा तर त्या फोनवर खसखस हा शब्द म्हणावा लागला असता. चंद्रहास गॅलरीत गेला. खाली खैतानची संध्याकाळ नेहमीसारखी लोंबकळत होती, डबल पार्क केलेल्या गाड्या, बाकाल्याच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाच्या, दारात पेप्सी पिणारे लोक, वाळूच्या रंगाची हवा. हे सगळं उद्या नसेल असं मनाशी म्हणून पाहिलं तर त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण वाटली ती फक्त घाई, कुठेतरी निघायला उशीर होतोय अशी, आणि कुठे ते कळत नव्हतं. त्याने मेसेज लिहायला घेतला. ‘शत्रुघ्न, त्या डब्यातल्या पदार्थावर जे लावलंय ते’ इथपर्यंत लिहिलं आणि वाचलं. हे तर जास्तच वाईट दिसत होतं. ते पुसलं. ‘डबा नको’ लिहिलं. पुसलं. पुसलेलं कुठे जातं? ओवीने एकदा सांगितलं होतं की काही पुसलं जात नाही. त्याने फोन गॅलरीच्या कठड्यावर पालथा ठेवला, जसं काही त्यामुळे फोनला ऐकू येणं बंद झालं.

त्या दिवसांत त्याला आपल्या आईची कात्री आठवत राहिली. शाळेत असताना घरी येणारं वर्तमानपत्र त्याच्या आणि भावंडांच्या हातात भोकं पडलेलं यायचं. वडील वाचून ऑफिसला गेले की आई स्वयंपाकघराच्या दारात बसून कात्रीने त्यातून चौकोन कापून काढायची, कधी एक, कधी तीन, आणि मग तो कागद मुलांना मिळायचा. त्या चौकोनांतून चंद्रहास घर पाहायचा. फडताळाचा तुकडा, आईचा कान, भिंतीवरचा बंद पडलेला लंबक. शब्दांनी चारी बाजूंनी वेढलेलं घर. त्याला पक्कं ठाऊक होतं की कापलेल्या जागी काहीतरी भयंकर होतं: खून, बायका, कदाचित दोन्ही. उरलेली बातमी त्याला बेचव लागायची, जे कापलंय त्याच्या कडा तेवढ्या चवदार. अर्धा शब्द, ‘...न झाले’, ‘...ची विटंब’. रात्री अंथरुणात तो त्या कडांना पुढचे शब्द जोडायचा, आणि जे जोडलं जाई ते कुठल्याही वर्तमानपत्रात छापून आलं नसतं. शेवटी एकदा तो समोरच्या योगिनीकाकूंकडे गेला आणि तोच अंक त्याने मागून घेतला. कापलेल्या जागी महानगरपालिकेची पाइप पुरवण्याबाबतची जाहिरात होती. त्याचा विश्वास बसला नाही. त्याने पान उलटलं. मागच्या बाजूला, अगदी त्याच चौकोनात, कैरीचं पन्हं होतं, साहित्य आणि कृती. आई पदार्थ कापून ठेवत होती. तिने त्यांच्यापासून कधी काही लपवलंच नव्हतं. या शोधाने माणूस सुटायला हवा होता. चंद्रहास सुटला नाही. तोवर सवय लागून गेली होती. भोक दिसलं की त्याला पाइपची जाहिरात कधीच आठवायची नाही, आजही नाही.

सोमवारी तो शेजारच्या मोठ्या दुकानात गेला. मसाल्यांच्या फळीसमोर उभा राहिला, जणू काही सहज. जिरं होतं, ओवा होता, कलौंजी होती, बडीशेप दोन प्रकारची. कलौंजी आणि बडीशेपेच्या मध्ये एका पुडक्याएवढी जागा रिकामी होती आणि खाली किमतीची चिठ्ठीही नव्हती. तो त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. ही जागा बंदीची होती की नुसते तीळ संपले होते, हे ती जागा सांगायला तयार नव्हती. दुकानातल्या पोराला विचारावं असं त्याला वाटलं. पोरगा आपणहून जवळ आला आणि म्हणाला, “क्या चाहिए, सर?” चंद्रहास म्हणाला, “कुछ नहीं,” आणि बडीशेपेची दोन पुडकी घेऊन आला. घरात आधीच तीन होती.

मंगळवारी ऑफिसात त्याने नझीरभाईंना गाठलं. नझीरभाई कंपनीचे मंदूब होते, म्हणजे सगळ्यांचे इकामे, परवाने, शिक्के, सरकारी खिडक्या हे त्यांचं काम. हैदराबादचे. त्यांच्याकडे चार रंगांची पेनं आणि कुठल्याही वाक्याला चालणारा एक उसासा होता.

“नझीरभाई, समझो किसी ने सरकार को कुछ लिख दिया.”

“किसी ने याने आपने.”

“समझो.”

“क्या लिखा?”

“के एक पेज बंद है, वो खोलो.”

नझीरभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्याकडे, एखाद्या फाइलीवर चुकीचा शिक्का पडल्यावर बघावं तसं, पाहिलं. “सरकार ने बंद किया और आपने सरकार को बोला के खोलो. नाम लिखा?”

“पूरा.”

“नंबर?”

“हां.”

“माशाल्ला.” उसासा. “देखो सोहोनी साब, बाईस साल से मैं उनके दफ्तरों में कागज ले के घूम रहा हूं. हर कागज पे शिक्का लगता है. कोई कागज पढ़ता नहीं. आपका पहला होगा जो किसी ने पढ़ लिया, तो अल्ला जाने.” मग त्यांनी चष्मा खाली घेतला आणि जरा हळू आवाजात विचारलं, “पेज काहे का था? लड़कियों का?”

“नहीं. खाने का.”

“खाने का,” नझीरभाई म्हणाले. त्यांना ते खोटं वाटलं हे उघड होतं आणि त्यांनी ते मोठ्या मनाने स्वीकारलं हेही. संध्याकाळपर्यंत गोडाऊनमधल्या दोघांनी चंद्रहासकडे बघून आदराने मान हलवली.

कुणी पढत नाही, या वाक्याने धीर यायला हवा होता. पण ऑफिसच्या खिडकीतून समोरच्या गोडाऊनच्या पत्र्यावर ऊन पांढरं होऊन थरथरत होतं आणि चंद्रहासला वाटत होतं, कुणी पढत नसेल तर बंद कोण करतं? यंत्र. यंत्राला खसखस कळते पण अनारसा कळत नाही. यंत्राला सासूबाई कळत नाहीत. त्याच्या स्वतःच्या डोक्यातही आता तो शब्द येईनासा झाला होता. त्या जागी एक गुळगुळीत ‘ते’ येऊन बसलं होतं, आणि त्याच्या लक्षात आलं की हे आपलं आपणच केलं. कुणी सांगितलं नव्हतं. तळहात आता आत होता. एकदा आत बसला की तो खसखशीवर थांबत नाही: बुधवारी जेवताना उल्काने ‘आठवतं का, आपण ओवीच्या वेळी...’ असं काहीतरी सुरू केलं आणि त्याच्या मनाने नऊच ओळी दिल्या, दहावी नव्हती. ती काय होती हे त्याने विचारलं नाही. अनोळखी नंबरवरून दोन फोन आले. एक बँकेचा होता, एकावर कुणी बोललंच नाही. तो न बोलणारा त्याने पूर्ण ऐकून घेतला.

गुरुवारी सकाळी उल्काने नाश्त्याची बशी त्याच्यासमोर ठेवली नाही. “आधी फोन,” ती म्हणाली. तो ऑफिसला निघाल्यावर गाडीत बसून, काचा वर करून, त्याने फोन लावला. शत्रुघ्न विमानतळाच्या वाटेवर होता. मागे गाडीवाल्याचा हॉर्न वाजत होता आणि कुणीतरी मोठ्याने जांभई देत होतं.

“हां भावजी! बोला. आवाज येता माका.”

“शत्रुघ्न, डबा आहे ना बरोबर?”

“डबो मांडयेर आसा माझ्या. नर्मदाकाकीन सांगल्यान, बॅगेत घालू नको, चुरो जातलो. तेंका म्हटलंय, तुमी काय काळजी करू नकात, पोराक घेतंय तसो घेवन जातंय.”

“तेच सांगत होतो. नको आणूस.”

“काय?”

“डबा. नको आणूस. वजन होईल.”

“वजनाचा काय ओ? तेतीस अनारशे ते, कौलां आसत काय?”

“तसं नव्हे. इथे... इथे जरा तपासणी कडक झाली आहे.”

“कसली?”

चंद्रहासचं तोंड उघडं राहिलं. शब्द जिभेच्या टोकाशी होता, बारीक, गोल, दाताखाली आलेला. तो म्हणायला फक्त दाबायचा होता. समोरच्या काचेवर धूळ होती आणि त्या धुळीत कुणीतरी बोटाने अरबीत काहीतरी लिहून ठेवलं होतं, जे त्याला एकोणीस वर्षांनंतरही वाचता येत नव्हतं. “गोड पदार्थांची,” तो म्हणाला.

शत्रुघ्न हसला. “तुमका साखर झाली काय, भावजी? सरळ सांगा मगे. उल्कातायक सांगतंय मी, येकच अनारसो देव रोज. काकीचो हात लागलेलो फेकून कसो देव मी? चला, विमानतळ इलो.” आणि फोन बंद झाला. चंद्रहासने तो पुन्हा लावला नाही. ऑफिसात पोचेपर्यंत तो मनाशी म्हणत होता की आपण सांगितलं. उतरताना म्हणाला की जवळजवळ सांगितलं. लिफ्टमध्ये काही म्हणाला नाही. एक माणूस आपल्यासाठी, आपल्या जिभेसाठी, मांडीवर डबा घेऊन बसला आहे आणि त्याला कसलीही कल्पना नाही, आणि ती न देण्यात आपण सरकारच्या बाजूने काम केलं. पगाराशिवाय.

संध्याकाळी तो विमानतळावर आगमनाच्या दाराशी उभा होता. उल्काने पाठवलं नव्हतं, ती फक्त म्हणाली होती, “तुम्ही जाणार असालच.” गोव्याचं विमान उतरल्याचं फलकावर आलं. दार सरकायचं, माणसं यायची, ट्रॉल्या, पोरं, फणसाचा वास येणारी खोकी. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. संदेश होता. पानं बंद करणाऱ्या खात्याचा. त्याने तो अंगठ्याने झाकला, मग अंगठा काढला. आपल्या सूचनेची दखल घेण्यात आली आहे. सदर पान नजरचुकीने जुगाराच्या वर्गात गेलं होतं. आता ते खुलं करण्यात आलं आहे. सहकार्याबद्दल आभार. चंद्रहासने संदेश तीनदा वाचला. तिसऱ्या मुद्द्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. सुटकेबरोबरच त्याला किंचित अपमान वाटला: स्वल्पविरामाबद्दलही काही नव्हतं.

खाली दुवा होता. त्याने तो दाबला. या वेळी तळहात आला नाही. पान उघडलं, जुनाट, निळ्या अक्षरांचं, कडेला खरोखरच पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिराती नाचत होत्या. वर प्रश्न होता, सात वर्षांपूर्वीचा, सलील नावाच्या नाशिकच्या माणसाने विचारलेला. कुवेतला खसखस आणलेली चालते का, सासूबाई पाठवतायत, कृपया लवकर कळवा. खाली उत्तरं: शून्य.

चंद्रहास पान खाली सरकवत राहिला. खाली काही नव्हतं. भोकाच्या पलीकडून आणखी एक जावई त्याच भोकातून इकडे बघत होता. सलीलचं काय झालं? त्याने आणवली का? तो सुटला का? तो या शहरात आहे का, फहाहीलला, मंगाफला, तेल कंपनीत, का केव्हाच घरी गेला, स्वतःहून की पाठवलेला? सात वर्षं कुणाला सांगावंसं वाटलं नाही की कुणाला सांगता आलं नाही? हे कळायला कुठे शोधायचं? त्याने डोकं वर केलं. गोव्याचे लोक येऊन संपले होते. दार सरकत होतं आणि कुणीच येत नव्हतं. शत्रुघ्न आला नव्हता.

आणखी थोडा वेळ गेला. दारातून एक सफाईवाला आला, त्याच्या मागून दोन हवाई सुंदऱ्या. चंद्रहासला आतली खोली दिसायला लागली, टेबल, टेबलावर उघडा डबा, डब्याभोवती वाकलेले गणवेश, आणि मधोमध शत्रुघ्न, ‘काकीन दिल्यान’ एवढंच पुन्हा पुन्हा सांगणारा. सगळं आपण कळवलेलं, क्रमवार. त्याचे पाय निघाले. वडिलांना इतकं साधं कधी जमलं नसतं, की त्यांना तेवढंच जमलं असतं, हे त्याला ठरवता आलं नाही. तो काचेच्या दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याकडे गेला, ताठ उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच मुद्दे न घालता म्हणाला, “सर. दॅट बॉक्स इज माइन. नॉट हिज. माइन.”

पहारेकरी तरुण होता, दाढी नुकती कोरलेली. “विच बॉक्स?”

“फ्रॉम गोवा. विथ...” तो थांबला. मग म्हणाला. अगदी मोठ्याने, मराठीतच म्हणाला. “खसखस.”

पहारेकऱ्याने त्याच्याकडे कनवाळूपणे पाहिलं आणि बोट वर केलं. “लॉस्ट बॉक्स, फर्स्ट फ्लोअर.”

“भावजी! खंय बघतास? हंय मी.” दार सरकलं होतं. शत्रुघ्न ट्रॉली ढकलत येत होता, नवा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, डबा काखेत. “बॅग येवकच नाय. सगळ्यांच्यो इल्यो, माझी मागसून इली. तुमी न्हेवक इलात? माका?”

“डबा तपासला का?”

“तपासल्यानी मगे. उघडून बघल्यानी, हुंगल्यानी, झाकण घातल्यानी.”

“काय म्हणाले?”

“काय्येक नाय. तेंका काय म्हणूचा आसता?” त्याने डबा चंद्रहासच्या हातात दिला. डबा गरम होता, काखेतला. “तुमचो चेहरो असो कित्याक झालो?”

चंद्रहासने शत्रुघ्नला त्याच्या खोलीपाशी सोडलं, सामान वर चढवून दिलं, जे त्याने आधी कधी केलं नव्हतं, आणि शत्रुघ्नला त्याचं इतकं अवघडल्यासारखं झालं की त्याने खाली येऊन गाडीची काच पुसून दिली. धुळीतली अक्षरं गेली. घरी उल्काने डबा घेतला, देवासमोर ठेवला, हळदकुंकू लावलं आणि झाकण काढलं. तिने एक अनारसा उचलून दिव्याशी धरला. मग कुडाळला व्हिडिओ फोन लावला.

“आई, अनारशांना ह्या काय लावलंस?”

“रवो,” नर्मदाबाई म्हणाल्या. फोन त्यांनी फार जवळ धरला होता, नुसतं कपाळ दिसत होतं. “कवळी बसयल्यापासून मी रव्यातच थापतंय. खसखस कवळीखाली जाता. कित्याक, काय झाला?”

म्हणजे मागच्या अधिक महिन्यात चंद्रहासच्या दाताखाली आला होता तोही रवाच होता.